सोनकुसरे आणि आमच्या टोलीची विहीर

मला सोनकुसरे आवडत नसत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. कोणा माणसाबद्दल लिहायला बसलेले लोक शेवटच्या परिच्छेदापर्यंत मनातलं लपवून ठेवतात, मला ती सवय नाही. मी पत्रकं लिहिणारा. पत्रकात शत्रू पहिल्या ओळीत सांगावा लागतो, नाहीतर वाचणारा त्यात भजी गुंडाळून मोकळा होतो.

आणि हा माणूस शत्रूच्या यादीत आपोआप बसायला हवा होता. पंचायत समितीतले सहकार विस्तार अधिकारी. म्हणजे सरकारी माणूस, टेबलाचा, फायलीचा, 'वरून उत्तर आलं नाही'वाला. पण ते बसत नव्हते. मी त्यांना यादीत ढकलायचो आणि ते कुठून तरी सायकल हातात धरून बाहेर यायचे.

आधी मामला सांगतो. आमची टोली कामठीच्या पलीकडे. सतरा घरं, सगळी दीक्षा घेतलेली, आणि सगळी दुसऱ्यांच्या वावरात राबणारी. सरकारनं पडीत जमीन दिली ती एकेका घराला नाही, सतरा घरांच्या मिळून एका सहकारी शेती संस्थेला. जमीन कसली, मुरूम आणि तरोट्याचं रान. पाण्याचा थेंब नाही. अशा संस्थांना विहिरीसाठी जिल्हा परिषद अनुदान देत असे, अर्ज पंचायत समितीमार्फत वर जायचा. आमचा अर्ज वर जात नव्हता. विहीर झाली तर सतरा घरं स्वतःच्या जमिनीवर उभी राहणार होती. नाही झाली तर पुन्हा पाटलाच्या धुऱ्यावर, त्याच्या बांधाशी हात पसरून. त्या सतरा घरांत एक घर माझ्या मायचं होतं. बाप मी लहान असतानाच गेला होता, त्यामुळे संस्थेची सभासद मायच.

मी तेव्हा नागपूरच्या कडेला वाडीला राहायचो. अमरावती रोडवर गोदामांच्या मागे भाड्याची खोली. दिवसा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मालाच्या बिल्ट्या लिहायच्या, संध्याकाळी मित्राच्या सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढायची. रविवारी टोलीत जाऊन ती वाचून दाखवायची. लोक ऐकायचे. मान डोलवायचे. मला वाटायचं, पेटतंय.

सोनकुसरेंना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मोर्च्याच्या दिवशी. चाळीस-एक माणसं घेऊन मी पंचायत समितीवर गेलो होतो. घोषणा माझ्या, पत्रक माझं, आवाज माझा. बीडीओ साहेब मागच्या दारानं 'दौऱ्यावर' गेले. आम्ही पायऱ्यांवर अर्धा तास ओरडलो. मग आतून एक बारीक, सावळा, पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस आला. पांढरा पायजमा, खिशाला शाईचा डाग. दोन्ही हातांत दोन स्टुलं. त्यानं ती म्हाताऱ्या लोकांसमोर ठेवली आणि मला विचारलं,

"संस्थेचा ठराव आनला काय?"

"ठराव कशाला? आम्ही हक्क मागायला आलो आहोत!"

"हो ना गा. पन हक्क कोनाचा, हे संस्थेनं सांगा लागते. तू तं सभासदच नाही."

लोक हसले. माझेच लोक. मी म्हणालो, ठरावासाठी सभा लागते, सभेसाठी नोटीस लागते, हे सगळे टाळायचे धंदे आहेत तुमचे. ते म्हणाले, "सतराचे सतरा हजर असतीन अन् कोनाची हरकत नसन, तं नोटिशीचं काय काम? आले काय सारे?"

सतराचे सतरा आलेच होते. मोर्चाच होता ना.

मग त्या माणसानं आमचा मोर्चा लिंबाच्या झाडाखाली बसवला आणि त्याची सर्वसाधारण सभा करून टाकली. सगळ्यात आधी बोलायला लावलं कोणाला? सर्वांत मागे बसलेल्या, पदर तोंडात धरलेल्या एका बाईला. तिनं काय मागायचं ते तिच्या बोलीत सांगितलं, तिच्या मागून एकेकानं सांगितलं, ते तसंच लिहिलं गेलं, मोठ्यानं वाचलं गेलं, मग अंगठे. कागद नव्हता. माझी पत्रकं होती, आणि पत्रकांची मागची बाजू कोरी होती.

त्या फायलीत तो कागद आजही असेल. एका बाजूला माझ्या घोषणा, दुसऱ्या बाजूला ठराव. फायलीत माझी बाजू खाली आहे.

परतताना लोक खुशीत होते. माझा गळा बसला होता आणि लोकांच्या तोंडी एकच: सोनकुसरे भाऊ म्हणले, सोनकुसरे भाऊ म्हणले. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल जे वाटू लागलं त्याला मी बरेच दिवस 'वर्गीय संशय' असं नाव दिलं होतं. साधा जळफळाट होता तो.

ते मूळचे उमरेडचे, कोष्टी. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. माग बंद पडले आणि थोरला मुलगा म्हणून हे नोकरीला लागले. पण बोटं मागावरच राहिली होती. समोरचा बोलत असताना त्यांच्या बोटांत काहीतरी असायचंच, सुतळीचा तुकडा, फायलीची नाडी, सदऱ्याचा सुटलेला दोरा. ते त्याला गाठ मारायचे, सोडायचे, पुन्हा मारायचे. तुटलेले दोन धागे जोडताना विणकर मारतात ती बारीक, चपटी गाठ. ऑफिसातले कारकून वैतागायचे, कारण सोनकुसरेंनी बांधलेली फाईल दुसऱ्या कोणाला लवकर सुटत नसे. "तुटलेलं जोडताना गाठ हाताले लागली नाही पाहिजे," असं ते म्हणायचे. बहुतेक कापडाबद्दल म्हणत असावेत. लोक त्याचा भलताच अर्थ काढायचे आणि माना डोलवायचे. मी चार पानं लिहिली तरी एवढ्या माना डोलत नसत.

त्यांचं दुसरं एक वाक्य तर तालुकाभर झालं होतं: "कागदाले पाय असते गा, तोंड नसते. वरडून काय होते? चालला पाहिजे थो." हे ते मला उद्देशून म्हणत नसत. मला मात्र प्रत्येक वेळी ते माझ्याचसाठी वाटायचं.

सायकल वस्तीत कधी चालवत नेली नाही. टोलीच्या तोंडाशी उतरायचे, हातात धरून चालत यायचे. विचारलं तर म्हणायचे, चेन सैल आहे. दर वेळी कशी सैल असेल? मला ठाऊक होतं का उतरतात ते. पाटलाच्या पोरांनी आमच्या टोलीतून घंटी वाजवत, माणसं बाजूला सारत सायकली नेलेल्या मी पाहिल्या होत्या. पण त्यांनी ते बोलून दाखवलं असतं तर मला त्यावर टीका तरी करता आली असती!

आणि जेवायचे. दुपार झाली की जे घर जवळ असेल तिथे बसायचे, पुढ्यात येईल ते खायचे, ताट स्वतः उचलून नेऊन घासायचे. आमच्या टोलीत, त्या काळात, कोष्ट्याच्या घरचा माणूस. पुन्हा त्याचा गाजावाजा नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पत्रक काढलं असतं.

सगळ्यात जास्त त्रास मला घरातूनच झाला. माय माझं पत्रक नीट घडी करून ट्रंकेत ठेवायची, दरवेळचं. पण सोनकुसरेंचं बोलणं तिच्या तोंडी यायचं. वावराची गोष्ट निघाली की "थांब, भाऊ काय म्हणले ते सांगतो" करून सुरू. एकदा माझा पारा चढला. म्हटलं,

"माय, तीन वर्षं झाली, मी बोंबलून राहिलो. माझं एक वाक्य तुले पाठ नाही. अन् त्या माणसाचं शिंकणंही ध्यानात राहते तुह्या."

ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू बोलतं तं ऐकू येते रे बाबू. थे बोलते तं समजते."

मी उठून बाहेर जाऊन बसलो. माझ्या मागून तिचा आवाज आला, "अन् जेव्याले ये. रागावून पोट भरत नाही." तेही बहुधा त्यांचंच वाक्य असणार, अशी मला तेव्हा खात्री होती. आता वाटतं, नसेलही. त्या दिवसांत मला जिथे शहाणपण दिसायचं तिथे त्या माणसाची सायकल टेकलेली दिसायची.

अर्ज वर गेला. तपासणीसाठी जिल्हा परिषदेचे साहेब येणार असं ठरलं. मला वाटलं, आता माझी पाळी. साहेबांना दाखवायचं की ही जमीन कोणाची आहे. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून मी तेलाच्या डब्यांचे पत्रे आणले, ते कापले, बॅनरचा उरलेला लाल रंग घेतला, आणि रविवारी बसून सतरा पाट्या रंगवल्या. एकेका घराची एक, तिच्यावर सभासदाचं नाव. प्रत्येकानं जमिनीचा जो भाग आपला म्हणून मनाशी धरला होता तिथे बांबू ठोकून पाटी उभी केली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा मी शंभर वेळा लिहिली असेल, पण ती अशी जमिनीतून उगवलेली पहिल्यांदाच पाहिली. लोक आपापल्या पाटीपाशी जाऊन उभे राहत होते. वाचता येत नव्हतं तरी अक्षरांवरून बोट फिरवत होते. माय म्हणाली, माह्या पाटीवर फक्त माहं नाव टाक, कोनाची बायको ते नको. मी रंगवलं: भागाबाई. संध्याकाळपर्यंत ती तीनदा जाऊन पाहून आली.

त्या दिवशी टोलीत सोनकुसरेंचं नाव कोणी काढलं नाही. आयुष्यातला सर्वांत सुखाचा रविवार.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी सोनकुसरे आले. मीही सुट्टी टाकून हजर होतो. जमिनीकडे येणाऱ्या गाडवाटेवर ते थबकले, सायकल झाडाला लावली आणि थेट मायच्या पाटीपर्यंत चालत गेले. वाचली.

"अक्षर चांगलं हाय. कोनाचं?"

"माह्या पोराचं," माय म्हणाली. असा सूर मी तिच्या आवाजात पूर्वी ऐकला नव्हता.

मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "पाहा, गोठ अशी हाय. उद्या साहेब येईन. त्याले येथी सतरा वावरं दिसतीन. सतरा वावराले जिल्हा परिषद इहीर देत नाही. एका वावराले देते. जमीन वाटून घेतली असं त्यानं लिहिलं, तं अर्ज खतम. अन् जमिनीचंही मंग इचारतीन."

मी नियमांचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. नियम त्यांचे, घोषणा आपल्या, अशी माझी वाटणी होती. सतरा घरांचं पाणी मी माझ्या हातानं, लाल रंगात, बुडवायला निघालो होतो. हे कळलं तेव्हा मी काय केलं? ओरडलो.

"मग नियम बदला तुमचे!"

"बदलू ना. पन उद्या नऊ वाजेपर्यंत नाही बदलत गा."

पाट्या काढायला कोणी पुढे होईना. शेवटी मायच बोलली. "मी नाही काढत, भाऊ. जिंदगीभर दुसऱ्याच्या वावरात निंदलं. मुकादमानं कधी नाव नाही इचारलं, 'ए बाई' म्हणून हाका मारल्या. आज नाव लागलं. पानी नाही आलं तं नाही आलं."

मला वाटलं, आता हे समजावतील. आता कळेल यांना. आणि खरं सांगतो, मनातून मी मायच्या बाजूनं नव्हतो, मी फक्त त्यांच्या विरुद्ध होतो. त्यांचं एकदा तरी कोणी ऐकू नये, विहीर गेली तरी चालेल, असं मला एक क्षणभर वाटलं. त्या क्षणाबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

ते म्हणाले, "नका काढू." आणि धुऱ्याच्या दगडावर बसले. खिशातून सुतळी निघाली. गाठ मारली, सोडली, मारली. बरंच ऊन झालं. मग त्यांनी मायला विचारलं,

"बाई, नाव कोठी दिसलं पाहिजे? वावरात, का येनाऱ्याच्या डोयात?"

माय विचारात पडली. "येनाऱ्याच्या डोयात."

"येनारा कोठून येते?"

तिनं गाडवाटेकडे पाहिलं. मग उठली, आपल्या पाटीचा बांबू दोन्ही हातांनी हलवून उपटला, खांद्यावर टाकला आणि वाटेच्या तोंडाशी नेऊन ठोकला. तिच्या मागे एकेक करून सोळा जण. तासाभरात सतरा पाट्या वाटेच्या तोंडाशी एका ओळीत उभ्या राहिल्या आणि मागची जमीन सगळी मिळून एक झाली.

"लेखक," सोनकुसरे मला म्हणाले. ते मला लेखक म्हणायचे, थट्टेनं म्हणायचे की खरंच, ते मला कधीच कळलं नाही. "वरती एक मोठी पाटी लागन. संस्थेचं नाव. रंग उरला काय?"

उरला होता. मी रंगवली. दात-ओठ खात रंगवली, म्हणून 'संस्था'तला काना अजून वाकडा आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून उतरले ते पाट्यांपाशीच. एकेक नाव वाचत गेले. "भागाबाई कोण?" माय पुढे झाली. साहेब हुशार होते. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमचं वावर कोणतं, बाई?"

मायनं हात लांब केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "हे सारं."

हे तिला सोनकुसरेंनी पढवलं असणार, असं मी कित्येक दिवस धरून चाललो. पण ते तर सकाळपासून दूर झाडाखाली सायकलची चेन बसवत होते. त्या दिवशी ती खरंच सैल झाली होती.

मंजुरी आली. आदेश घेऊन ते स्वतः आले, मोठ्यानं वाचून दाखवला, अवघड शब्द आला की थांबून सांगायचे. बायांनी त्यांना कुंकवाऐवजी फुलं लावून ओवाळलं. तुरीच्या डाळीची पिशवी पुढे केली, ती घेतली नाही, 'शिजवून द्या' म्हणाले आणि तिथेच बसून जेवले. मग उठून सगळ्यांसमोर म्हणाले, "पाट्यांची अक्कल आपल्या मिलिंदची. याच्यामुळे साहेब खूश झाला."

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी, टोलीत, पहिल्यांदा. पण त्या त्यांनी दिलेल्या टाळ्या होत्या. आपल्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढावं तशा. एखाद्यानं माझा अपमान केला असता तर मी विसरलो असतो.

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं.

नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. 'सतरा घरांची फाईल दहा महिने कोणाच्या टेबलाखाली झोपली होती?' असं शीर्षक. खाली, घरोघर पाहुणचार झोडणारे अधिकारी कोणाचे, गरिबाच्या चुलीवर टपलेले हे प्रेम कसलं, वगैरे. जेवणाची घरंसुद्धा लिहिली. लिहिताना हात सपासप चालला. इतकं चांगलं पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं. हेही प्रामाणिकपणे सांगतो.

चार दिवसांनी संध्याकाळी माझ्या वाडीच्या खोलीच्या दारात सोनकुसरे उभे. ट्रकांची धूळ अंगभर. कामठीकडून वाडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, आणि हा माणूस सायकलनं आला होता. हातात माझं पत्रक. मी उठून उभा राहिलो. भांडणाची सगळी वाक्यं तयार होती.

"बस गा," ते म्हणाले, माझ्याच खोलीत मला. मग पत्रक कॉटवर पसरलं. "हे पाह्य. दहा महिने नाही झाले. मी पुस्तकात पाह्यलं, तेरा झाले. आमची चूक कमी करून काहून सांगतं? तेरा लिह."

त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं.

"अन् ठरावाचा वार सोमवार लिहिला तू. मंगळवार होता. सोमवारी बाजार असते, एवढे लोक आले नसते. अशी चूक राहिली तं कोनी म्हनन, सारंच खोटं हाय."

"आणि बाकीचं?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"बाकीचं?" ते थोडे विचारात पडले. "जेवलो ना. जेवलो तं जेवलो. पन एक घर सुटलं तुह्याकडून. भागाबाईच्या घरी दोनदा जेवलो मी. थे नाही लिहिलं."

ते हसत नव्हते. टोमणा मारत नव्हते. खरोखरच यादी पुरी करत होते. निदान मला तरी तसं दिसलं. मी चहा विचारला नाही. त्यांनी तांब्यातलं पाणी स्वतः ओतून घेतलं, प्यायले, दोन्ही चुका पेन्सिलीनं दुरुस्त केलेलं पत्रक माझ्या उशीवर ठेवलं आणि गेले.

पुढचं सांगायला तोंड नाही, पण सांगतो. पंचायत समितीच्या सभापतींना आमची विहीर आधीपासून खुपत होती. अनुदान त्यांच्या पाव्हण्यांच्या संस्थेकडे वळवायचं राहून गेलं होतं, आणि सोनकुसरे आडवे आले होते. सभापतींना निमित्त हवं होतं. ते मी छापून दिलं. माझं पत्रक तक्रारीला जोडून वर गेलं. एवढी वर्षं पत्रकं काढली, त्यातलं फक्त तेवढंच एक चाललं. बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या बाहेर, जंगलाकडच्या तालुक्यात.

पदभार सोडायला आठ दिवस होते. दुसरा कोणी असता तर सामान बांधलं असतं. हे आठही दिवस आमच्या विहिरीच्या अनुदानाच्या पुढच्या हप्त्यावर शेवटची सही मिळवायला बीडीओच्या दारात बसून होते. मिळवली. खोदकाम थांबलं नाही.

त्यांना जायचं त्याच दिवशी पहाटे विहिरीला पाणी लागलं.

त्या रात्री मी टोलीतच मुक्कामाला होतो. मायनं मला उठवलं तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात भरले होते. औषधाची रिकामी बाटली घासून तिनं त्यात पाणी भरलं होतं. आधी निवळू दिलेलं, मग लुगड्याच्या पदरातून गाळलेलं. "भाऊची गाडी दहाची हाय. पय लवकर. पहिलं पानी त्याइच्या तोंडात पडलं पाहिजे. आमी कोनीच नाही प्यालो अजून." पत्रक मी काढलं हे तिला ठाऊक होतं. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. ती बाटली माझ्या हातात देणं हेच तिचं बोलणं असावं.

नागपूरच्या स्टँडवर पोचलो. मी धरून चाललो होतो की ते एकटे असतील, एक ट्रंक, एक वळकटी, आणि मी बाटली देईन आणि काहीतरी बोलेन. माफीचं वाक्यसुद्धा बसमध्ये जुळवलं होतं.

फलाटावर चार-पाच गावांची माणसं होती. हार नाही, घोषणा नाही. नुसती उभी होती. सायकल टपावर चढवायला चौघं झटत होते, एक म्हातारा त्यांची वळकटी छातीशी धरून उभा होता, खाली ठेवायला तयार नव्हता. सोनकुसरे बसच्या पायरीवर एक पाय ठेवून कोणा बाईचा अर्ज वाचत होते. कंडक्टर घंटी मारत होता. "ठराव कोठी हाय बाई याचा?" एवढं ऐकू आलं.

मी पुढे जाऊ शकलो असतो. वीस पावलं होती. पण मी त्या माणसांकडे पाहत राहिलो. मी तुरुंगात गेलो, मी गाव सोडलं, तरी माझ्यासाठी एवढी माणसं अशी गप्प उभी राहणार नाहीत, हे मला एका खांबाच्या आड उभं राहून स्पष्ट दिसलं. पाय उचललाच नाही.

बस निघाली. खिडकीतून त्यांनी मला पाहिलं. हात केला. मग बोट खाली विहिरीकडे दाखवावं तसं दाखवलं आणि भुवया उंचावल्या: लागलं काय?

मी वळलो आणि वेळापत्रकाची पाटी वाचू लागलो.

पुन्हा पाहिलं तेव्हा बस फाटकातून बाहेर वळत होती. खिडकीत त्यांचं डोकं अजून मागे वळलेलं होतं, उत्तरासाठी. पुढे एका ट्रकाआड ती खिडकी गेली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

उन्हात तसाच उभा होतो. घसा कोरडा पडला होता. बूच काढलं आणि बाटली एका दमात संपवली.

टोलीत परतलो तर माय वाटेच्या तोंडाशीच उभी. "भेटले? प्याले? काय म्हणले?"

"गोड हाय म्हणाले."

तिनं डोळे मिटून घेतले आणि ते वाक्य सगळ्या टोलीला सांगत सुटली. अजून सांगते. विहिरीवर पाव्हणा आला, कोणी नवी सून पाण्याला आली, की माय दोर तिच्या हातात देता देता सुरू करते, "सोनकुसरे भाऊ म्हणले, पानी गोड हाय." पोरंसुद्धा बोलायला लागली आहेत.

तीन वर्षं ओरडलो, सतरा पाट्या रंगवल्या, ढीगभर पत्रकं काढली. त्यातलं टोलीला पाठ झालेलं हे एकच वाक्य माझं आहे. आणि ते माझं आहे, हे मला कोणाला सांगता येत नाही.